लाँगबोर्ड : एकच पुरे, की लाटेगणिक वेगळा?

संथलाट

सर्फिंगच्या, म्हणजे लाटेवर उभं राहून घसरत जायच्या, लांब बोर्डाबद्दल एका मित्राने परवा विचारलं, "लाँगबोर्ड घ्यायचाय. लहान लाटांना एक आणि मोठ्या लाटांना एक, असे दोन लागतील ना?" मी त्याला जे सांगितलं तेच इथे मांडतो. पटणार नाही त्यांनी खुशाल वाद घालावा.

माझं मत : एकच बोर्ड घ्या. साडेनऊ फुटी, जड, सिंगल फिन (शेपटीखाली पाण्यात उतरणारा एकच पर). पाच वर्षं तोच चालवा. ज्या लाटा त्याला मानवत नाहीत त्या सोडून द्या. आधी लाट निवडायला शिका, बोर्ड निवडायला पुढे आयुष्य पडलंय.

माझा बोर्ड ९ फूट ६ इंच लांब, २३ इंच रुंद, ३ इंच जाड आहे. वजन नऊ किलोंच्या आसपास. त्या वजनाबद्दल लोक नाक मुरडतात, पण लाट मध्येच मऊ पडते तेव्हा हलका बोर्ड थांबतो आणि जड बोर्ड स्वतःच्या वेगावर पुढच्या भिंतीपर्यंत, म्हणजे लाटेच्या अजून न फुटलेल्या उभ्या उतारापर्यंत, जाऊन पोचतो. वाऱ्याने पाण्यावर बारीक खळबळ असली की हलका बोर्ड पायाखाली थडथडतो, जड बोर्ड ती कापत जातो.

आणि नाकावर उभं राहणं. बोर्डाच्या टोकाला अख्खा माणूस उभा असूनही तो बुडत नाही, याचं गुपित मागे आहे. लाटेच्या भिंतीवर चढणारं पाणी शेपटीवरून वाहतं, गोल कडांना चिकटून खाली वळतं आणि शेपूट दाबून धरतं. नाकाखालचा खोलगट भाग थोडा हातभार लावतो, पण खरी पकड मागचीच. यासाठी शेपूट रुंद लागते, कडा गोल लागतात, दहा इंची उभी फिन लागते. या तिन्ही गोष्टी जुन्या घडणीच्या बोर्डात असतात. एकेक पाऊल टाकत पुढे जायचं, शेवटचं पाऊल टाकताना लाट पायाखाली आहे की नाही हे न पाहता कळायला लागतं. दर सहा महिन्यांनी बोर्ड बदलणाऱ्याला ते कधी कळतच नाही, कारण चूक आपली की बोर्डाची हा हिशेब त्याला लागत नाही.

उधाण

पूर्ण असहमत. आणि काळजीपोटी असहमत, कारण हा सल्ला नवीन माणसाच्या हाडांवर बेतू शकतो.

तुम्ही ज्या लाटेबद्दल लिहिताय ती पॉइंटवरची, म्हणजे समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या टोकाशी फुटणारी लाट. एका टोकाला फुटायला लागते आणि उलगडत जाते. प्रत्येकाच्या वाट्याला ती येत नाही. बहुतेकांना वाळूच्या किनाऱ्यावरची लाट मिळते. तळाचा चढ सावकाश असला तर लाट माथ्यावरून फेसाळत लोळत येते, तळ एकदम वर आला तर कमान करून आपटते. त्या आपटणाऱ्या लाटेवर तुमच्या साडेनऊ फुटी बोर्डाचं काय होतं ते मी सांगतो.

जुन्या घडणीचा बोर्ड लांबीत जवळपास सपाट असतो, नाक फार वर वळलेलं नसतं. लाटेचा उतार मात्र वाकलेला असतो. सपाट फळी वाकलेल्या उतारावरून खाली गेली की टोक आधी पाण्यात घुसणारच. मी असाच एक बोर्ड घेऊन छातीएवढ्या लाटेत गेलो होतो. उभा राहिलो, पुढचा पाय टेकला, आणि समोर नाक पाण्यात नाहीसं होताना स्पष्ट दिसलं. एक क्षण बोर्ड जागच्या जागी थांबला, मी पुढे फेकला गेलो, आणि वर आलो तेव्हा बोर्ड शेपटीवर उभा राहून माझ्याकडे पडत होता. डोक्यावर हात होते म्हणून मनगटावर निभावलं. सहा आठवडे पाण्यात उतरलो नाही.

आता माझ्याकडे ९ फूट १ इंची आहे. नाक निमुळतं, पुढे-मागे चांगला बाक, कडा खालच्या बाजूला धारदार, मधली फिन सात इंची आणि बाजूला दोन लहान. त्याच किनाऱ्यावर, त्याच लाटा. तिरकं उतरतो आणि शेपटीवर पाय ठेवून वळतो.

इतिहासही तुमच्या बाजूने नाही. १९६६ साली सॅन डिएगोच्या जागतिक स्पर्धेत सगळ्यांच्या नजरा नाकावर उभं राहण्यात पटाईत असलेल्या डेव्हिड नुउहिवाकडे होत्या. जिंकला नॅट यंग, त्या काळच्या मानाने पातळ अशा ९ फूट ४ इंची बोर्डावर, लाटेच्या भिंतीत खोल वळणं घेत.

संथलाट

@उधाण, दुखापतीचं वाचून वाईट वाटलं. पण तुमचाच किस्सा माझा मुद्दा सांगतो : ती लाट त्या बोर्डाची नव्हती. सोडायला हवी होती.

इतिहासाचं म्हणाल तर त्याच्या आदल्याच वर्षी, १९६५ ला, टॉम मोरी यांनी कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुरात फक्त नाकावर उभं राहण्याची स्पर्धा घेतली. किती सेकंद टिकलात तेवढंच मोजायचं. आणि जोएल ट्यूडर १९९८, २००४ आणि २०२१ असा तीनदा लाँगबोर्डचा जगज्जेता झाला, तेही जुन्या शैलीला धरून. तेवीस वर्षांच्या अंतराने तीच शैली जिंकते याचा काही अर्थ आहे.

उधाण

त्याचा अर्थ तो माणूस असामान्य आहे. आणि २०२१ चा निर्णायक सामना कॅलिफोर्नियातल्या मलिबूला झाला. जगातली सर्वांत लाँगबोर्डस्नेही लाट. तीच स्पर्धा आपटणाऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर घ्या, मग बोलू.

"लाट सोडा" हे सांगायला सोपं आहे. वर्षातले दोनशे दिवस लाट तशीच असेल तर माणसाने दोनशे दिवस वाळूत बसायचं का?

ओलीवाळू

तुमच्या दोघांच्या वादात फिनबद्दल कोणी धड बोललंच नाही, म्हणून लिहिते.

बोर्ड बदलायच्या आधी फिन बदलून बघा. त्याच्याही आधी फिन सरकवून बघा. मधल्या फिनची खाच लांब असते ती उगीच नाही. फिन पुढे सरकवली की बोर्ड मोकळा होतो, पटकन वळतो. मागे सरकवली की पकड वाढते, सरळ रेषेत घट्ट धरून राहतो. एक इंच सरकवा, दुसरा बोर्ड घेतल्यासारखं वाटतं, आणि हे मी अजिबात वाढवून सांगत नाहीये.

माझा बोर्ड ९ फूट ४ इंची, बाजूच्या फिनांसाठी खाचा असलेला. कमरेएवढी संथ लाट असेल तर उभी रुंद दहा इंची फिन एकटी. छातीएवढी आणि उभी भिंत असेल तर मागे झुकलेली आठ इंची आणि बाजूला दोन छोट्या. वेळ लागतो पाच मिनिटं. फक्त ती खाचेतली चौकोनी पत्ती आणि स्क्रू वाळूवर उभं राहून काढू नका. माझा स्क्रू एकदा ओल्या वाळूत पडला आणि त्या सकाळच्या सगळ्या लाटा मी गुडघ्यांवर बसून, बोटांनी वाळू चाळत बघितल्या. आता जास्तीचा स्क्रू लीशच्या (बोर्ड पायाला बांधायच्या दोरीच्या) गाठीजवळ चिकटपट्टीने बांधलेला असतो.

उधाण

@ओलीवाळू ताई, फिनचं अगदी खरं. पण फिनने बाक बदलत नाही. नाक घुसायचं असेल तर फिन कुठलीही असो, घुसणारच. पकड ही पुढची गोष्ट, आधी उतार तर उतरायला हवा.

ओलीवाळू

हे मान्य. माझा बोर्ड तुमच्या दोघांच्या मधला आहे म्हणून माझं निभावतं, हेही मान्य. फक्त उतार उतरण्यात बोर्डाइतकाच तुमचा कोन असतो. मी सरळ किनाऱ्याकडे तोंड करून वल्हवायचं सोडलं, शेवटच्या दोन हातांना बोर्ड तिरका करायला लागले, आणि नाक घुसणं निम्म्यावर आलं.

आठसेकंद

सगळे "कमरेएवढी", "छातीएवढी" म्हणताय. नुसती उंची सांगून बोर्ड निवडता येत नाही. दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं ते बघा.

खोल समुद्रात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची तर सेकंदांचा वर्ग करून १.५६ ने गुणायचं. आठ सेकंदांची लाट साधारण १०० मीटर लांब. चौदा सेकंदांची ३०० मीटरच्या वर. लाटेला तळ जाणवायला लागतो तो तिच्या निम्म्या लांबीएवढ्या खोलीवर. म्हणजे पहिलीला पन्नास मीटरवर, दुसरीला दीडशे मीटरवर. चौदावाली खूप आधीपासून तळाप्रमाणे वळत येते, म्हणूनच ती पॉइंटला वळसा घालून आत शिरते आणि लांबवर उलगडते. शिवाय उथळात आल्यावर ती जास्त उंच उठते. खोल समुद्रात दोघी एक मीटरच्या असल्या तरी किनाऱ्यावर त्या एक नाहीत.

माझ्यापुरतं सांगतो. आठ सेकंदांची वाऱ्याची लाट असेल तर लांबी आणि आकारमान हवंच. अशी लाट ढकलत नाही, आपणच वल्हवून तिच्या वेगाजवळ पोचावं लागतं, आणि पोटावर झोपून वल्हवताना लांब बोर्डाला पाणी कमी अडवतं. तेव्हा मी संथलाट यांच्या बाजूला. चौदा सेकंद आणि उथळ वाळू असेल तर मी उधाण यांच्या बाजूला, आणि खरं तर तेव्हा लाँगबोर्ड घरीच ठेवतो.

नवखा९फूट

मी अजून शिकतोय. वजन ८५ किलो. फोमचा मऊ नऊ फुटी बोर्ड भाड्याने घेऊन फेसाळ पाण्यात उभं राहता येतं, हिरव्या, म्हणजे अजून न फुटलेल्या, लाटा दहातल्या दोन मिळतात. आता घ्यावा का कडक बोर्ड?

ओलीवाळू

अजून नको रे. दहातल्या सहा मिळाल्या की घे. मऊ बोर्ड तुझ्यापेक्षा तुझ्या आजूबाजूच्यांना लागू नये यासाठी आहे. आणि घेशील तेव्हा तुझ्या वजनाला सत्तर-पंचाहत्तर लिटरच्या खाली उतरू नकोस, दुकानदार काहीही म्हणो.

संथलाट

@नवखा९फूट, आणि लीश बांधायला विसरू नका. लांबी बोर्डाएवढी हवी, आणि लाँगबोर्डची लीश घोट्याऐवजी पोटरीला, गुडघ्याच्या खाली बांधली तर चालताना पायात येत नाही. मी स्वतः जुन्या शैलीचा असलो तरी या एका बाबतीत जुन्यांचं ऐकत नाही. लीश सत्तरच्या दशकात आली, त्याआधी सगळे बिनलीशचेच होते हे खरं. पण तेव्हा पाण्यात माणसंही कमी होती. नऊ किलोंचा सुटलेला बोर्ड फेसाळ पाण्यातून किनाऱ्याकडे जातो तेव्हा त्याच्या वाटेत लहान मुलं असतात.

उधाण

इथे शंभर टक्के सहमत. आणि एक जोडतो : लाँगबोर्डवाल्याला लाट सगळ्यांच्या आधी, बाहेरच्या बाजूला मिळते. म्हणून प्रत्येक लाट घ्यायचा हक्क मिळत नाही. आत लहान बोर्डांवर थांबलेल्यांना तीनातली एक तरी सोडा.

संथलाट, मूळ प्रश्नावर येऊ. तुमचा तो मित्र. त्याच्या किनाऱ्यावर लाट फुटते कशी? हे तुम्ही अजून सांगितलंच नाहीत.

संथलाट

तुमचा प्रतिसाद वाचून काल त्याला फोन केला. हे आधी विचारायला हवं होतं.

वाळूचा किनारा. भरतीला लाट लोळत येते, गुडघ्या-कमरेएवढी. ओहोटी लागली की बाहेरच्या वाळूच्या उंचवट्यावर आपटते, आणि बऱ्याचदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदम फुटून बंद होते. पॉइंट जवळपास नाहीच. दिवसभरात भरतीच्या अलीकडे-पलीकडे मिळून तीन-चार तास काय ते.

तेव्हा त्याच्यासाठी माझा साडेनऊ फुटी सल्ला मी मागे घेतो. ओलीवाळू यांच्यासारखा ९ फूट ४ इंची, नाकाला थोडा बाक, बाजूच्या फिनांच्या खाचा असलेला घे, असं सांगितलंय. एकच बोर्ड घे, यावर मात्र मी ठाम आहे. त्याला भरतीचं वेळापत्रक पाठवलं आणि पहिले तीन महिने फक्त भरतीला, एकट्या मधल्या फिनवर जा म्हणालो.

उधाण

तीन महिन्यांनी ओहोटीत उतरणारच तो. सगळेच उतरतात. तेव्हा बाजूच्या फिना लावून, आणि पहिल्या दिवशी कोणीतरी सोबत घेऊन जायला सांगा. बोर्डाच्या लांबीवर आपलं जमणार नाही, मी अजूनही ९ फूट १ इंचच म्हणेन.