रीफ टँकमधलं (घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं) कोरल, म्हणजे पोवळं, कायमचं चिकटवायचं, की हाताने निघेल असं बसवायचं?

कृष्णाकाठचा टँक (सांगली)

मंडळी, गेल्या आठवड्यात एका नवीन पोरानं इथं विचारलेलं की झोआचे (चादरीसारखं पसरणारं बारीक कोरल) दोन फ्रॅग, म्हणजे लावायचे छोटे तुकडे, आणलेत, कसे बसवू. सात-आठ जणांनी त्याला एकच सांगितलं, पहिल्याच दिवशी ग्लू लावून मोठ्या रॉकला चिकटव आणि मोकळा हो. मला हे अजिबात पटलेलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय. माझं म्हणणं सरळ आहे, आपल्या भागात टँकमधलं प्रत्येक कोरल हाताने उचलून बादलीत ठेवता आलं पाहिजे.

का ते सांगतो. माझं घर मारुती चौकाच्या मागे, तळमजला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या गल्लीत शिरायच्या आधी हातात फार तर तीन-चार तास होते. त्यात आईची औषधं, कागदपत्रं, धान्य, सिलिंडर सगळं वर चढवायचं आणि मग टँक. तीन फुटी टँक, आणि मी तोवर सगळं सांगितल्याप्रमाणेच केलेलं, रॉकचा अख्खा मनोरा पुट्टीने जोडलेला आणि त्यावर कोरल ग्लूने पक्के. तो मनोरा एकट्याला उचलेना आणि उचलला असता तरी कुठल्या बादलीत मावला असता? शेवटी ब्लेडने झोआ खरवडून काढले, मशरूम कोरल फाटले, आणि चार वर्षं वाढवलेला लेदर, म्हणजे जाड बुडावर टोपी असलेलं मऊ कोरल, फुलला की परातीएवढा व्हायचा, तो बुडापासून कापला. बॅटरीच्या एअरपंपावर दोन बादल्या विश्रामबागला बहिणीकडे नेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं तर पाणी दुधाळ झालेलं, कापलेला लेदर पाघळलेला आणि त्याच्या घाणीत बाकीचंही गेलेलं. तो वास मी अजून विसरलेलो नाही.

नंतर नव्याने टँक लावला तेव्हा पद्धत बदलली. फ्रॅग प्लगवर (खाली दांडा असलेली छोटी चकती) ग्लूनेच बसवतो, त्याला माझा विरोध नाही, पण प्लग रॉकला चिकटवत नाही. रॉकमध्ये ड्रिलने भोक पाडतो आणि प्लगचा दांडा त्यात नुसता दाबून बसवतो. लेदर आणि मशरूम तळहाताएवढ्या सुट्या दगडांवर. ग्रीन स्टार पॉलिप हे झपाट्यानं पसरणारं कोरल एकटं वाळूत वेगळ्या दगडावर, मधे चार बोटं मोकळी वाळू, नाहीतर ते सगळ्या रॉकवर गवतासारखं पसरतं. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा सगळी कोरल वीस मिनिटांत बाहेर, दोन बादल्या आणि एक आईसबॉक्स. झेनिया नावाचं एक कोरल सोडलं तर सगळं जगलं.

माझ्याकडे फक्त सॉफ्ट कोरल, म्हणजे दगडी सांगाडा नसलेली मऊ कोरल आहेत, हे पण सांगून ठेवतो.

अजिंक्यतारा रीफ (सातारा)

दादा, तुमच्यावर जे गुजरलं ते वाचून खरंच वाईट वाटलं. पण पुराच्या एका अनुभवावरून सगळ्यांसाठी नियम काढू नका. साताऱ्यात माझ्या घरात पूर येणार नाही, इथं बहुतेकांच्या घरात येणार नाही.

कोरलला सगळ्यात आधी स्थिर जागा लागते. बुडाचं मांस दगडावर पसरायला लागलं की मग ते धरतं, आणि दगड हलला की ते दर वेळी खरचटतं. समुद्रात पण हेच आहे. जिथं सुरुंग लावून मासेमारी झाली आणि रीफचा चुरा झाला तिथं वर्षानुवर्षं नवीन कोरल रुजत नाही, कारण तुकडे लाटेबरोबर गडगडत राहतात. तुतीकोरिनकडे मन्नारच्या आखातात संशोधक कोरलची लागवड करतात तेव्हा तुकडे काँक्रीटच्या चौकटींना बांधूनच ठेवतात, नुसते टेकवून सोडत नाहीत.

आणि माझाही अनुभव ऐका. चार वर्षांपूर्वी लेदर असाच सुट्या दगडावर ठेवलेला. रात्री टर्बो गोगलगायीनं ढकलला, रॉकच्या मागं उताणा पडला, मला दिसला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आल्यावर. टोपी काळी पडलेली, स्किमरचा (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) कप भरून वाहत होता. कार्बन टाकला, निम्मं पाणी बदललं, तरी शेजारचे झोआ आठवडाभर उघडले नाहीत. त्या दिवसापासून माझ्या टँकमध्ये सुटं काही नाही. पूर येईल न येईल, गोगलगाय रोज रात्री फिरते.

कृष्णाकाठचा टँक (सांगली)

भाऊ, तुमचा लेदर पडला कारण दगड हलका होता आणि उंचावर होता. माझे दगड रुंद बुडाचे आहेत आणि खाली वाळूत दोन बोटं रुतवलेत, माझ्याकडं पण दोन टर्बो आहेत, एकही दगड पाडलेला नाही त्यांनी. सुटं म्हणजे डुगडुगणारं नव्हं. भोकात प्लग बसवला की बोटानं हलवून बघायचं, हलला तर दांड्याला डास जाळीची पट्टी गुंडाळून परत दाबायचा, मग वेव्हमेकर (पाण्यात लाटा करणारा पंप) समोर असला तरी जागचा हलत नाही. स्थिर पाहिजे हे मला मान्यच आहे, स्थिर आणि कायमचं यात फरक आहे एवढंच सांगायलोय.

आणि समुद्रात सगळीच कोरल चिकटलेली असतात असंही नाही. फंजिया नावाचं ताटलीसारखं कोरल लहानपणी देठावर असतं, मोठं झालं की देठ सुटतो आणि पुढं सगळा जन्म वाळूत मोकळं पडून काढतं.

कुपवाड लेथवाला

दोघांचं वाचलं. मी एमआयडीसीत लेथवर असतो, प्लग माझे मीच करतो. ॲक्रिलिकचा रॉड घ्या, टोकाला किंचित निमुळता करा, म्हणजे भोकात जाईल तसा घट्ट होत जातो आणि थोडं पिळलं की निघतो. जाळी गुंडाळायची पण गरज पडत नाही. नायलॉनचे बोल्ट पण चालतात. धातू मात्र कुठलाच नको, स्टेनलेस म्हणून आणलेला स्क्रू माझ्याकडं दीड महिन्यात तांबूस झालेला.

मॅग्नेटचे रॅक घेणाऱ्यांनी पण जपा. मॅग्नेटवरच्या कोटिंगला केसाएवढी चीर पडली तरी मिठाचं पाणी आत जातं आणि मॅग्नेट फुगतो. महिन्यातून एकदा काढून नखानं चाचपून बघायचा, फुगवटा लागला की त्याच दिवशी बाहेर.

कोयनाकाठ (कराड)

मी इथं सातारच्या भाऊंच्या बाजूने आहे आणि त्यांनी सांगितलं नाही ते कारण सांगते. हाताने निघणारं कोरल हाताने निघणारं राहतच नाही. मी पण भोकं पाडून प्लग बसवले होते, फार हौसेने, अकरा प्लग. सात-आठ महिन्यांत झोआ प्लगच्या कडेवरून खाली उतरून रॉकवर गेले आणि दोन प्लगच्या मधला भाग पण भरून टाकला. परवा एक प्लग काढायला गेले तर अख्खी चादर ओढल्यासारखी ताणली गेली आणि मधे फाटली. मग फरक काय राहिला? ग्लूवालं फाडावं लागतं आणि हे पण फाडावंच लागलं. वरून प्लगच्या भोवतालच्या फटीत घाण साचते ती वेगळीच, माझ्याकडे त्या फटींतूनच ऐपटेशिया, म्हणजे तणासारखं पसरणारं उपद्रवी ॲनिमोन, वाढलं आणि ते काढता काढता नाकी नऊ आले.

त्यापेक्षा नवीन माणसाने पहिल्या दिवशी जागा नीट ठरवावी आणि चिकटवून टाकावं. माणूस उगाच दर आठवड्याला कोरल उचलून इकडून तिकडे ठेवत बसतो आणि ते बिचारं उघडतच नाही. चिकटवलेलं असलं की आपले हात पाण्याबाहेर राहतात.

वारणा-मिरज

ताई, झोआ फाटले तेव्हा हातमोजे होते ना? विषय निघालाच आहे तर सगळ्यांसाठीच लिहितो. झोआ आणि त्याच्या जातभाई पालीथोआत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं आणि ते अत्यंत जहाल आहे. कापताना, खरवडताना त्यातून पिचकारी उडते, ती डोळ्यात किंवा हातावरच्या चिरेत जाता कामा नये. हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा, आणि झोआ असलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्यानं किंवा प्रेशरनं धुऊ नका, वाफेतून आणि तुषारांतून अख्ख्या घराला बाधा होऊ शकते. मला विचाराल तर सुट्या प्लगचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, की खरवडायची वेळ कमी येते.

दुसरं, एकानं मला निरोप पाठवून ॲक्रोपोरा, म्हणजे एक हार्ड कोरल, कशी बसवू विचारलं, त्याचं उत्तर इथंच देतो. आपल्याकडं हार्ड कोरल म्हणजे सगळी दगडी पोवळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, सी फॅन पण. मालवणच्या किनाऱ्यावरून मेलेला तुकडा सुद्धा उचलून आणू नका.

तासगाव बागायतदार

आमच्या द्राक्षबागेत डॉगरिजच्या खुंटावर कलम भरतो तेव्हा पट्टी घट्ट बांधतो, कलम हललं तर जीव धरत नाही. पण जीव धरला की पट्टी सोडावीच लागते, ठेवली तर तिथंच काच पडतो. कोरलचं मला तसंच वाटतं. बांधायचं, पण बांधलेलं सुटणारं पाहिजे.

लेदरला ग्लू धरतच नाही, किती बुळबुळीत असतो, तासाभरात साल सोडल्यासारखा ग्लू सोडून देतो. मी त्याच्या बुडातून टूथपिक आरपार घालतो, दगडावर ठेवतो आणि टूथपिकच्या दोन्ही टोकांवरून दगडाखालून रबर घेतो. रबर बुडावरून घेतलं तर ते मांस कापत जातं, म्हणून टोकांवरून. दोन आठवड्यांत लेदर दगड धरतो, तोवर रबर पण खाऱ्या पाण्यात कुजत आलेलं असतं. मशरूमला तर हात पण लावत नाही. दह्याच्या डब्यात बारीक रॉकचे खडे, त्यावर मशरूम, वरून डास जाळी आणि डबा कमी प्रवाहाच्या कोपऱ्यात. आठ-दहा दिवसांनी बघायचं, एखाद्या खड्याला आपोआप धरलेलं असतं. मग तो खडा कुठंही ठेवा.

कृष्णाकाठचा टँक (सांगली)

ताई, तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो मी आधी लिहायला पाहिजे होता. प्लग लावले आणि विसरलो असं चालत नाही. मी दर दोन महिन्यांनी प्रत्येक प्लग अर्धा फिरवून परत बसवतो, कडेवरून उतरू लागलेले दोन-चार पॉलिप तेव्हाच कापले की चादर होत नाही, हातमोजे घालूनच. आणि दोन प्लगमध्ये किमान तीन बोटं अंतर ठेवतो. तुमच्या अकरा प्लगमध्ये ते कमी पडलं असणार. फिरवताना फटीतली घाण पण टर्की बास्टरनं (रबरी फुग्याची मोठी पिचकारी) उडवून घेतो.

जागा बदलण्याबद्दल मात्र माझं उलट मत आहे. पहिल्याच दिवशी जागा बरोबर निवडणारा माणूस मी अजून पाहिला नाही. लाईट जास्त झाला की झोआ मिटतात, कमी झाला की देठ लांबवून वर ताणतात, हे कळायला दोन-तीन आठवडे जातातच. चिकटवलेलं असलं तर बघत बसण्याशिवाय काय करणार?

अजिंक्यतारा रीफ (सातारा)

दादा, दर दोन महिन्यांनी प्रत्येक प्लग फिरवायचा, कापायचा, फटी साफ करायच्या, हे तुम्ही कराल, तुमच्या मनात २०१९ आहे. नवीन पोरगं तिसऱ्या महिन्यात विसरणार आणि त्याचं कराडच्या ताईंसारखं होणार. त्याला मी आजही ग्लूच सांगेन, फक्त चिकटवायच्या आधी पंधरा दिवस वाळूतल्या रॅकवर ठेवून लाईट बघायला सांगेन. तुमच्यासारखं तळमजल्यावर नदीकाठी राहणाऱ्याची गोष्ट वेगळी, तिथं माझा आग्रह नाही.

नवा रीफर (सांगली)

सर, तो झोआवाला मीच. आमचं घर शामरावनगरला तळमजल्यालाच आहे. दोन्ही फ्रॅग अजून प्लगवर वाळूतच आहेत, चिकटवले नाहीत. भोक किती एमएमचं पाडू आणि टँक चालू असताना पाडता येतं का?

कृष्णाकाठचा टँक (सांगली)

शामरावनगर म्हणजे २०१९ ला तुमच्याकडंही पाणी होतंच. चिकटवू नकोस. आधी प्लगचा दांडा मोजून घे, सगळ्यांचे सारखे नसतात, आणि बिट त्याच मापाचा किंवा अर्धा एमएम मोठा घे, दगडाचा बिट. टँकमध्ये ड्रिल अजिबात घालायचं नाही. रॉक बाहेर काढ, टँकच्याच पाण्यात भिजवलेल्या टॉवेलवर ठेव, हॅमर मोड बंद कर नाहीतर दगड दुभंगतो, आणि दांडा पूर्ण जाईल एवढंच खोल पाड. नंतर बादलीतल्या टँकच्या पाण्यात हलवून भुकटी काढायची मग आत. दहा मिनिटांचं काम आहे. भोकं चार-पाच जास्तीच पाडून ठेव, पुढं जागा बदलायला लागतात. ड्रिल नसेल तर रविवारी मारुती चौकात रॉक ओल्या टॉवेलात गुंडाळून घेऊन ये, माझ्याकडं मशीन आहे.