मोडीत आलेला चांदीचा कप : ११७वी पलटण, १९१२

मधला_मारुती :
नमस्कार मंडळी. सोलापुरात मधल्या मारुतीजवळ आमचं भांड्यांचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. परवा मोहोळकडचा एक पोरगा फुटक्या घागरी मोडीत घालायला आला. त्यांच्यात दोन कानांचा, काळा पडलेला एक कप होता, वीतभरही उंच नाही. कसाला लावला तर चांदी. भाव देऊन घेतला, पण आटवायला हात धजेना. पोटावर इंग्रजीत कोरलंय : ‘११७ महारट्टाज, इंटर डबल कंपनी हॉकी, १९१२’. काठाखाली सिंह, जहाजाचा नांगर आणि एक अक्षर असे बारीक छाप आहेत. बुडाला, आपण भांड्यावर नाव घालतो ना, तसं ठिपक्याठिपक्यांनी मोडी लिपीत काहीतरी घातलंय. पोरगा घाईत होता, नावगाव न सांगताच गेला. ज्या घरातून हा कप निघाला त्या घराला तो काय आहे हे कळायला हवं, आणि त्यांना हवा असेल तर मी तो परत देईन. ही पलटण कुठली? माणूस कसा शोधायचा?

पलटणीचा_नातू :
काका, आटवला नाहीत हे फार चांगलं केलंत. ११७ हा आकडाच काळ सांगतो. १९०३ साली हिंदी फौजेचा तेव्हाचा सरसेनापती किचनर याने पलटणींचे नंबर बदलले, तेव्हा मुंबई फौजेच्या जुन्या नंबरांत शंभर मिळवले. म्हणून १७वी ती ११७वी. १९२२ साली ती ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी बटालियन झाली. म्हणजे हा नंबर १९०३ ते १९२२ एवढ्याच काळातला. डबल कंपनी म्हणजे दोन कंपन्यांची जोडी, तेव्हाच्या हिंदी पलटणींत तशीच रचना होती.

आता पुढचं. कप जिंकल्यावर दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९१४ मध्ये, ही पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर इराकात उतरली. बसरा घेतलं, बगदादच्या दिशेने टेसिफोनपर्यंत लढत गेली आणि मागे फिरून कुत-अल-अमारात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला. अन्न संपत आलं तेव्हा घोडे-खेचरं कापली, पण धर्मामुळे कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस बरेच दिवस तोंडात घातलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. सुमारे तेरा हजार लोक कैद झाले. उपाशी माणसांना वाळवंटातून चालवत नेलं, अनेक हिंदी कैद्यांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं. त्यातले फार थोडे धडधाकट परतले. माझे पणजोबा १०३व्या पलटणीत होते, तीही कुतमध्येच होती. म्हणून हे लिहिताना मला शांत राहता येत नाही.

चांदीवाली_सुनंदा :
सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅमची छापशाळा आणि अक्षर म्हणजे तपासणीचं वर्ष. छापांचे तक्ते नेटवर फुकट मिळतात. अक्षराचं वर्ष १९१२ किंवा आधीचं यायला हवं, नंतरचं आलं तर कोरलेल्या मजकुराबद्दल शंका घ्या. फिरती ढाल किंवा मोठा करंडक पलटणीच्या मेसमध्येच राहतो. एवढा लहान कप बहुधा खेळाडूला स्वतःला दिलेला असतो, म्हणून तो गावाकडे आला असणार. आणि काका, चिंच, लिंबू, पावडर काहीही लावू नका. ठिपके झिजतील. अंधारात एका बाजूने टॉर्च धरून फोटो काढा.

शहानिशा :
नातू म्हणतात तो इतिहास बरोबर आहे, पण १९१२ चा खेळाडू १९१४ पर्यंत पेन्शनीत गेलेला असू शकतो. एकदम कुतशी जोडू नका. शिवाय मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. शोध फक्त मराठा घरांपुरता ठेवलात तर निम्मी वाट बंद होईल. सुभेदार-जमादार असेल तर त्याचं नाव त्या वर्षाच्या इंडियन आर्मी लिस्टमध्ये, म्हणजे फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या छापील यादीत, सापडेल. साध्या शिपायाचं नसतं. शिपाई युद्धात गेला असेल तर कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर पलटण टाकून शोधा. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गाव असतं. जिल्हा ‘शोलापूर’ असा टाका.

मधला_मारुती :
टॉर्च लावून काढलेला फोटो टाकलाय. अक्षर १९११ चं निघालं. मोडी कुणी वाचेल का?

मोडीवाचक_मंगळवेढा :
नाव पुसट आहे, पहिलं अक्षर ‘स’ किंवा ‘म’. गाव मात्र स्पष्ट आहे, पुढे ‘ता. माढे’ लिहिलंय. आज ते गाव मोहोळ तालुक्यात आहे. तेव्हा मोहोळ माढ्यातच होतं. उघड्यावर गावाचं नाव लिहीत नाही, उद्या कुणीही येऊन हक्क सांगेल. तुम्हाला निरोपात पाठवलंय.

मधला_मारुती :
मिळालं, मनापासून आभार. घागरी घेऊन आलेला पोरगाही त्याच बाजूचा होता, म्हणजे धागा जुळतोय. रविवारी दुकान बंद ठेवून जातो. कप तिजोरीत ठेवून फक्त फोटो नेईन. आधी चावडीत चौकशी करतो आणि पहिल्या महायुद्धाला गेलेल्यांची दगडी पाटी आहे का तेही बघतो. आयोगाच्या यादीत त्या गावची दोन नावं दिसली, एक ‘स’चं आहे. त्याच्या घरच्यांना आधी भेटतो, मगच इथे लिहीन.