जुन्या चिऱ्याच्या घरात वॉलपेपर आणि लाकडासारखी दिसणारी जमीन टिकेल का?

प्रश्न (खानापूर तालुका)

सर्वांना नमस्कार. आमचे आजोबांच्या काळातील कौलारू घर आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या असून त्यांवर मूळचा चुन्याचा गिलावा आणि वडिलांनी नंतर चढवलेला सिमेंटचा गिलावा आहे. सोप्यात व माजघरात शहाबादी फरशी आहे. येत्या गणपतीपूर्वी या दोन खोल्या नव्याने सजवाव्यात, असे घरात ठरले आहे. मुलांना एका भिंतीवर वॉलपेपर किंवा उभ्या पट्ट्यांचे लूव्हर पॅनेल आणि जमिनीवर लाकडी दिसणारे एसपीसी (दगडाची भुकटी व प्लास्टिक यांच्या पट्ट्या) हवे आहे. बेळगावातील दुकानांत हे सर्व पाहून आलो व ते आवडलेही. परंतु मागील आषाढात माजघरातील कपाट सरकवले, तेव्हा त्यामागे जमिनीपासून कमरेपर्यंत कापसासारखा पांढरा खार फुटलेला दिसला आणि बोट लावताच तो झडू लागला. आई 78 वर्षांची असून तिचा वावर याच दोन खोल्यांत असतो, त्यामुळे जमीन निसरडी नको. आपण काय सुचवाल?

उत्तर 1 (टिळकवाडी, बांधकाम क्षेत्रातील अनुभव)

आपण कपाटामागे जे पाहिले, त्यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. जांभा सच्छिद्र असतो. जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर सहसा घातलेला नसतो, त्यामुळे पावसाळ्यात जमिनीतील पाणी चिऱ्यातून वर चढते आणि वाळताना सोबत आणलेले क्षार गिलाव्यावर सोडते. चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा थर ती बरीचशी अडवतो, आणि वरून विनाइलचा वॉलपेपर लावला तर तिला बाहेर पडायला वाटच राहत नाही. मग कागदाचे सांधे उघडतात आणि मागे बुरशी धरते. पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा व प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या) लूव्हर पट्ट्या स्वतः कुजत नाहीत हे खरे, परंतु त्यांच्यामागची भिंत कुजलेली दिसत नाही, हा त्यांचा मोठा दोष आहे.

म्हणून आधी परीक्षा करा. दोन फूट लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा व एक-दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली आहे. जमिनीवरही हेच करता येते. मात्र वैशाखात भिंत कोरडी निघाली म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण खार हा पावसाळ्यातील ओलीचा पुरावा असतो. तो कोरड्या ब्रशने झाडावा, पाण्याने धुऊ नये. धुतल्यास तो विरघळून पुन्हा भिंतीतच जातो.

मी तर कमरेपर्यंतचा सिमेंटचा गिलावा काढून तेथे पुन्हा चुना-वाळूचा गिलावा करा असेच म्हणेन. सध्या शहरांत ज्या ढगाळ, मऊ छटांच्या 'लाइमवॉश' भिंतींची आवड वाढली आहे, तो मुळात आपला चुन्याचा हातच आहे. आपल्या घराला तो शोभेल आणि मानवेलही. एक कळकळीची विनंती म्हणजे भिंतीचे काम गणपतीसाठी आषाढ-श्रावणात रेटू नका, कारण ओल्या भिंतीवर केलेली कोणतीही सजावट दिवाळीपर्यंत पोपडे धरते.

उत्तर 2 (शहापूर, बेळगाव)

आमच्या घरी दुकानदाराच्या सांगण्यावरून जमिनीवर लॅमिनेट बसवले. त्याचा गाभा दाबलेल्या लाकडी भुशाचा असतो, हे आम्हाला ठाऊक नव्हते. पहिल्याच पावसाळ्यात दाराशी आलेल्या पाण्याने पट्ट्यांच्या कडा फुगल्या व अनवाणी पायाला टोचू लागल्या; शेवटी त्या दोन ओळी काढाव्या लागल्या. एसपीसी दगडाची भुकटी आणि प्लास्टिकचे असल्याने पाण्याने फुगत नाही, तरी खालची जमीन सपाट लागते. भिंतीलगत 8 ते 10 मिमी मोकळी फट ठेवून ती स्कर्टिंगखाली झाकावी लागते. तसे न केल्यास उन्हाळ्यात पट्ट्या प्रसरण पावून मध्येच उचलतात.

वॉलपेपर लावायचाच असेल तर माडीवरच्या कोरड्या, आतल्या भिंतीवर लावावा. रोल साधारण 21 इंच रुंद व 33 फूट लांब असतो. 12 फूट रुंद, 10 फूट उंच भिंतीला सात पट्ट्या लागतात आणि एका रोलमधून तीनच निघतात, म्हणजे तीन रोल घ्यावेत. नक्षी जुळवायची असेल तर प्रत्येक पट्टीची थोडी लांबी वाया जाते, तीही आधी मोजावी.

उत्तर 3 (निपाणी)

माझे म्हणणे केवळ जमिनीविषयी आहे. शहाबादी फरशी झाकू नका. ती चुनखडीची असल्याने यंत्राने घासून व सांधे नव्याने भरून घेतली, की तिचा राखाडी-निळसर रंग उजळून येतो. आमच्या जुन्या सोप्यात हे काम दोन दिवसांत झाले, आणि अनवाणी पायांना तो गारवा दुसऱ्या कशाने मिळत नाही. मात्र आईंचा वावर असल्याने आरशासारखी चकाकी मागू नका, हलकी घासणी पुरेशी आहे. लिंबू, चिंच किंवा संडास साफ करण्याचे आम्ल त्यावर सांडू देऊ नका, कारण डाग पडतो व तो पुसून जात नाही.

काही फरश्या फुटल्या असतील आणि टाइल्सच हव्या असतील, तर मॅट पृष्ठभागाच्या व्हिट्रिफाइड घ्या. निसरडेपणाच्या क्रमवारीत आर 10 किंवा त्याहून वरची मागा (अंक जितका मोठा, तितकी टाइल कमी निसरडी). सध्या 600 बाय 1200 मिमीच्या मोठ्या टाइल्सचा आग्रह सगळीकडे दिसतो. त्या बसवताना गवंड्याला टाइल ॲडहेसिव्ह वापरायला सांगा. नुसत्या सिमेंटच्या घोळावर बसवल्यास खाली पोकळी राहते आणि नाण्याने वाजवले की बद्द आवाज येतो. असा आवाज आला तर ती टाइल त्याच दिवशी काढायला लावा.

प्रश्नकर्ता (खानापूर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. प्लास्टिकचे तुकडे तीन ठिकाणी लावले होते. बाहेरच्या भिंतीवरचा तुकडा कोरडा राहिला. परंतु न्हाणीला लागून असलेल्या भिंतीवर, ऐन वैशाखात, भिंतीकडच्या बाजूला थेंब साचले. गवंड्याने न्हाणीतील फरशी उचलून पाहिली, तेव्हा सांडपाण्याच्या नळीचा सांधा सुटलेला आढळला. कपाटामागचा खार त्याच भिंतीचा होता. आता प्रथम नळी बदलत आहोत, आणि शहाबादी फरशीची घासणी पुढच्या आठवड्यात ठरली आहे. चुन्याचे काम दिवाळीनंतर करू. मुलांचा वॉलपेपर माडीवरच्या खोलीत लावायचे ठरले असून त्यांनी नक्षीही निवडली आहे.