अल्झायमरची रक्तचाचणी काही त्रास नसताना करून घ्यावी का?

रानपाखरू
बाबांना अल्झायमर आहे हे कळायला आम्हाला तीन वर्षं लागली. आधी एकच प्रश्न परत परत विचारायला लागले, मग हिशोब चुकायला लागले, आणि ज्या माणसाने सगळं आयुष्य अकाउंट्समध्ये काढलं त्याचे हिशोब चुकतायत हे आम्हाला तेव्हाच खटकलं होतं, पण डॉक्टरकडे गेलं की एकच उत्तर, वय झालंय आता, होतं असं. एकाने झोपेची गोळी दिली, दुसऱ्याने डिप्रेशनची. शेवटी निदान झालं तेव्हा आजार बराच पुढे गेला होता.

म्हणून ऑस्कर हॅन्सन यांचं काम वाचल्यापासून ते डोक्यातून जातच नाहीये. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातले न्यूरोसायंटिस्ट. ते आणि त्यांची टीम बरीच वर्षं पी-टाऊ २१७ वर काम करतायत. टाऊ हे मेंदूच्या पेशींमधलं प्रोटीन, अल्झायमरमध्ये त्याच्यावर जास्तीचे फॉस्फेट चिकटतात, आणि २१७ नंबरच्या जागी फॉस्फेट असलेलं टाऊ अगदी थोडं रक्तात उतरतं, तेवढं मोजायचं. २०२४ मध्ये त्यांच्या टीमचा १२१३ लोकांवरचा अभ्यास छापून आला. सगळे विसरण्याची तक्रार घेऊन आलेले. नेहमीच्या डॉक्टरांनी तपासून, स्कॅन बघून अल्झायमर आहे की नाही ते बरोबर ओळखलं ६१ टक्के वेळा, स्पेशालिस्टनी ७३ टक्के, आणि पी-टाऊ व अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं दुसरं प्रोटीन) दोन्ही मोजणाऱ्या रक्तचाचणीने ९१ टक्के. आमची तीन वर्षं या फरकात गेली असं मला वाटतं.

मी ५२ वर्षांची आहे, मला काहीही त्रास नाही, तरी मला ही टेस्ट करून घ्यायचीय. माझं म्हणणं, ज्याच्या घरात हा आजार आहे त्याला पन्नाशीनंतर हवी असेल तर ती मिळालीच पाहिजे. माझ्याच रक्तात काय आहे ते माझ्यापासून का लपवायचं?

अनघड
तुमच्या बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं, पण मुद्द्याशी पूर्ण असहमत. ते १२१३ लोक त्रास सुरू झालेले होते. तुम्हाला त्रास नाही. सगळा फरक तिथेच आहे.

आकडे मांडून बघा. २०१५ ला बऱ्याच अभ्यासांचा डेटा एकत्र करून एक विश्लेषण आलं होतं, त्यात स्मरणशक्ती नॉर्मल असलेल्या पन्नाशीच्या साधारण १० टक्के लोकांच्या मेंदूत अमायलॉइड सापडलं होतं, नव्वदीत ४४ टक्के. आता समजा तुमच्या वयाच्या १०० निरोगी लोकांची टेस्ट केली आणि ती दोन्ही बाजूंनी ९० टक्के बरोबर आहे. १० पैकी ९ जण सापडतील. उरलेल्या ९० मध्ये काहीच नाही, तरी त्यातले ९ पॉझिटिव्ह येतील. म्हणजे १८ रिपोर्ट पॉझिटिव्ह आणि त्यातले निम्मे चूक. शिवाय किडनीचा आजार असेल तर पी-टाऊ एरवीही वाढलेलं दिसतं.

आणि जे ९ बरोबर सापडले त्यांचं तरी काय? अमायलॉइड आहे म्हणजे स्मृतिभ्रंश होणारच असं नाही. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ पासून अमेरिकेतल्या नन्सचा अभ्यास केला, ६७८ जणींनी मृत्यूनंतर मेंदू द्यायचं कबूल केलं होतं. त्यातल्या काहींच्या मेंदूत आजाराच्या खुणा भरपूर निघाल्या, पण जिवंत असताना त्या शेवटपर्यंत चांगल्या होत्या, १०१ वर्षांच्या एक सिस्टर तर प्रसिद्धच आहेत. अशा बाईला पन्नाशीत रिपोर्ट दिला असता तर पुढची ५० वर्षं तिने धास्तीत काढली असती.

केतकी२२
रानपाखरू, मी तुझ्या बाजूने. सासूबाईंचं सात वर्षं केलं. मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतं सांगू का, की त्यांना कधी विचारताच आलं नाही. कुठे राहायचंय, कोणी सांभाळलेलं चालेल, शेवटी नळ्या घालायच्या की नाही. हे सगळं आम्ही आपसात भांडून ठरवलं आणि त्या समोर बसलेल्या असायच्या. आधी कळलं असतं तर त्यांनी स्वतः सांगितलं असतं, फार स्पष्ट बोलणारी बाई होती.

अनघड
केतकी, हे मान्य आहे, शंभर टक्के. पण हे सगळं त्रासाची सुरुवात झाली तेव्हा निदान झालं असतं तरी विचारता आलं असतं ना? त्या टप्प्यावर टेस्ट करा, लगेच करा, मी विरोधात नाहीच. २०२५ च्या मे मध्ये अमेरिकेत एफडीएने, म्हणजे औषधं आणि चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, या प्रकारच्या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली तीसुद्धा ५५ च्या वरच्या आणि लक्षणं असलेल्या लोकांसाठीच.

मोरपीस
मी न्यूरोलॉजी विभागात समुपदेशन करते, बरीच वर्षं. दोन्हीकडचं थोडं थोडं पटतंय.

कळल्यावर माणूस कोलमडतो असं सरसकट धरू नका. २००९ मध्ये एक ट्रायल छापून आली, आईवडिलांपैकी एकाला अल्झायमर असलेले १६२ जण, स्वतः निरोगी. त्यांच्यातल्या काहींना एपीओई जीनचा (याच्या एका प्रकारामुळे अल्झायमरचा धोका वाढतो) निकाल सांगितला, काहींना नाही, आणि वर्षभर लक्ष ठेवलं. सांगितलेल्यांमध्ये चिंता किंवा डिप्रेशन फारसं वाढलं नाही. पण त्यांना आधी नीट समजावलं होतं, सोबत समुपदेशक होता. मोबाइलवर पीडीएफ येऊन पडणं ही वेगळी गोष्ट आहे. आणि जीनमुळे धोका वाढतो एवढंच ऐकणं आणि मेंदूत प्रक्रिया सुरू झालीय असं ऐकणं, यातही फरक आहे.

दुसरं म्हणजे न जाणून घेण्याचाही हक्क असतो. डीएनएची रचना शोधणारे जेम्स वॉटसन यांनी २००७ मध्ये स्वतःचा सगळा जीनोम जाहीर केला, फक्त एपीओई वगळायला सांगितलं, त्यांच्या आजीला अल्झायमर होता. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला ते नको होतं, यात कमीपणा काहीच नाही.

आणि कृपा करून विसरायला लागलं की थेट या टेस्टकडे धावू नका. आधी बी१२, थायरॉइड, डिप्रेशन, झोप, ऐकू कमी येणं, चालू असलेल्या गोळ्या. यातलं काही निघालं तर उपचार आहेत. अशी माणसं सुधारून घरी गेलेली मी पाहिली आहेत.

रानपाखरू
अनघड, तुमचं १८ पैकी ९ चं गणित मी कागदावर परत करून बघितलं. बरोबर आहे, आणि मी त्याचा विचार केला नव्हता हे कबूल करते. प्रत्येकाला टेस्ट द्या असं आता म्हणणार नाही.

पण माझ्यापुरतं माझं मत बदललेलं नाही. लेकानेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाच्या ट्रायलमध्ये १७९५ लोक होते, दीड वर्षात घसरण २७ टक्के कमी झाली, म्हणजे १८ गुणांच्या स्केलवर फक्त ०.४५ चा फरक, वर मेंदूला सूज, बारीक रक्तस्राव यांचा धोका. हे औषध त्रास सुरू झाल्यावर दिलं होतं. त्रास सुरू व्हायच्या आधी दिलं तर जास्त उपयोग होईल का हे बघायला आता निरोगी पण अमायलॉइड असलेल्या लोकांवर ट्रायल चालू आहेत. अशी माणसं आधी शोधल्याशिवाय ते कळणार कसं? मला त्या रांगेत उभं राहायचंय. बाबांसाठी काही करता आलं नाही, हे तरी करता येईल.

अनघड
ट्रायलसाठी करताय तर गोष्ट वेगळी, तिथे दुसरी टेस्ट करून खात्री करतात आणि डॉक्टर सोबत असतात. तेवढ्यापुरता माझा विरोध मागे. पण पॉझिटिव्ह आलं तर घरी जाऊन काय करणार? ब्लड प्रेशर, शुगर, कोलेस्टेरॉल, व्यायाम, कानाचं मशीन, लोकांत मिसळणं, लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलच्या २०२४ च्या अहवालात १४ गोष्टी दिल्यात आणि त्या सगळ्यांनी सुधारल्या तर जगातले साधारण ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबतील असं म्हटलंय. यातलं एकही रिपोर्टवर अवलंबून नाही.

रानपाखरू
अवलंबून नाही हे खरं, पण मी दहा वर्षं ब्लड प्रेशरची गोळी चुकवत आलेय. स्वतःचा आकडा समोर असला तर नाही चुकवणार, असं वाटतं मला.

मोरपीस
काहींच्या बाबतीत होतं तसं, काहींच्या नाही. आधीच गृहीत धरू नका. आणि घरी कोणाकोणाला सांगायचं, ते रक्त द्यायच्या आधी ठरवा. निकाल फक्त तुमचा नसतो, भावंडं लगेच स्वतःबद्दल विचार करायला लागतात.

रानपाखरू
बोलले काल धाकट्या भावाशी. त्याला नकोय. अजिबात नको म्हणाला, आणि तुझ्या चेहऱ्यावरून मला कळेल म्हणाला, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तासभर फोनवर होतो. शेवटी असं ठरलंय की मी आधी समुपदेशनाला जाणार, टेस्ट केलीच तर निकाल नवऱ्याला आणि डॉक्टरांना सांगणार, भावाला तो स्वतः विचारेपर्यंत नाही. गोळी मात्र आजपासून वेळेवर.