देखरेखीखालची ऑनलाइन परीक्षा: मधेच लाइट गेली तर तुम्ही काय करता?

डिचोलीवाला:
नमस्कार मंडळी. आमच्या विभागाची इंग्रजी-मराठी अनुवादाची पदविका आहे. यंदा ४८ परीक्षार्थी. सात जण बोटीवर नाहीतर आखातात नोकरीला, बाकीचे बरेचसे गोव्यातल्याच सत्तरी, सांगे, काणकोण तालुक्यांतले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तीन तासांचा पेपर घरूनच घ्यायचा ठरलाय. परीक्षार्थी कॅमेऱ्यासमोर, पर्यवेक्षक इकडे. विभागात दोन मतं आहेत. काही म्हणतात चेहऱ्याच्या हालचाली टिपणारं सॉफ्टवेअर घ्या, काही म्हणतात झूमवर माणसं बसवा. जबाबदारी माझ्यावर आलीय आणि मी आजवर फक्त वर्गातच परीक्षा घेतलीय. कुणी प्रत्यक्ष घेतली असेल तर सांगा.

सावर्डेकर:
पेपर मूडलवर (ऑनलाइन अभ्यासक्रम आणि परीक्षा चालवायची प्रणाली) असेल तर सेफ एक्झाम ब्राउझर बघा. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात तयार झालाय, फुकट आहे. २०२० साली आलेल्या मूडल ३.९ पासून क्विझच्या सेटिंगमध्येच त्याची सोय आहे. पेपर चालू असताना दुसरं काही उघडता येत नाही. पण तो विंडोज, मॅक, आयपॅडवर चालतो, अँड्रॉइड मोबाइलवर नाही. तेव्हा लॅपटॉप किती जणांकडे आहे ते आधी विचारा. आणि कुणी शेजारी दुसरा मोबाइल ठेवला तर ब्राउझरला ते कळत नाही.

अंत्रुजकरीण:
सॉफ्टवेअरचं नंतर बघा. आधी एक कागद लिहून काढा: संपर्क तुटला तर काय करायचं. हे मी पोटतिडकीनं सांगतेय, कारण माझ्याकडे तो कागद नव्हता.

२०२१ सालची गोष्ट. मी एकटी एका स्क्रीनवर तीस चेहरे सांभाळत होते. पेपर सुरू होऊन चाळीसेक मिनिटं झाली आणि नेत्रावळीच्या एका मुलीचा चौकोन काळा झाला. अकरा मिनिटांनी ती परत दिसली. केस भिजलेले, मागे घर नाही, कुठल्याशा दुकानाची पत्र्याची शेड, आणि पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज की तिचं बोलणं धड ऐकू येईना. मी नियमावर बोट ठेवलं: कॅमेरा बंद होता, जागा बदलली, पेपर ग्राह्य नाही. ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलं, "मॅडम, लाइट गेली तर मी कुणाला सांगायचं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवसांनी कळलं की त्यांच्या वाड्यावरचा विजेचा खांबच आडवा झाला होता. तोवर माझा अहवाल वर गेला होता. त्या मुलीचं एक सत्र गेलं.

तेव्हापासून आठवडाभर आधी प्रत्येकाला त्याच्या पर्यवेक्षकाचा फोन नंबर जातो. नेट गेलं तर साधा फोन करायचा, तो लागला नाही तर एसएमएस. पंधरा मिनिटांपर्यंत गेलेली वेळ आम्ही भरून देतो. मूडलचं घड्याळ सर्व्हरवर चालतं, मुलाचं नेट गेलं म्हणून ते थांबत नाही. त्या एकाच परीक्षार्थ्याची वेळ वाढवायची सोय असते, 'ओव्हरराइड' म्हणतात तिला. ती कुणी आणि कशी द्यायची हे पर्यवेक्षकाला आदल्या दिवशी हातानं करून दाखवा. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गेली तर दुसरा दिवस, दुसरी प्रश्नपत्रिका, आणि ती आधीच काढून ठेवलेली हवी. पर्यवेक्षकाजवळ एक वही: आसन क्रमांक, किती वाजता काय झालं, काय बोलणं झालं. वाद झाला की हीच वही उपयोगी पडते.

एका पर्यवेक्षकामागे बारा, फार तर पंधरा जण. तीस चौकोनांत मला चेहरे दिसत होते, माणूस दिसत नव्हता.

आता सॉफ्टवेअर. सराव चाचणीला वापरून बघितलं. एका मुलाच्या नावावर सात वेळा 'संशयास्पद आवाज'. रेकॉर्डिंग लावून ऐकलं तर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा, मग मासळीवाली, मग आजीची हाक. खाली बघून लिहिणारे तर झाडून सगळे संशयित. आमची मुलं मराठी उत्तरं हातानं लिहितात, देवनागरी टंकायचा हात सगळ्यांना बसलेला नसतो. खाली न बघता लिहायचं कसं? यंत्रानं खूण केली म्हणजे कॉपी सिद्ध झाली असं नाही. तो भाग माणसानं बघायचा, मुलाला विचारायचं आणि मगच ठरवायचं.

हातानं लिहून घेणार असाल तर आणखी एक अडचण येते. बाजूनं टेबल दाखवायला ठेवलेला मोबाइल आणि शेवटी उत्तरपत्रिका स्कॅन करायचा मोबाइल एकच असतो. स्कॅनिंगला पंधरा मिनिटं वेगळी द्या, आणि तेवढा वेळ लॅपटॉपचा कॅमेरा चालूच राहील असं आधी सांगा.

ओळखपत्र सगळ्यांसमोर दाखवायला लावू नका, एकेकाला ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे झूममधल्याच वेगळ्या खोलीत, घ्या. आधार असेल तर शेवटचे ४ आकडेच दिसणारं मास्क्ड आधार पुरे. खोली फिरवून दाखवायला सांगणं मी सोडून दिलंय. एकाच खोलीचं घर, मागे आजारी माणूस झोपलेला, ते सगळं आपण का बघायचं? अमेरिकेत ओहायोच्या एका सरकारी विद्यापीठाच्या अशाच प्रकरणात, खोलीचं असं स्कॅनिंग घटनाविरोधी ठरतं असं २०२२ साली न्यायालयानं म्हटलं. आपल्याकडेही २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. रेकॉर्डिंग का करतोय आणि कधी पुसणार हे मुलांना लेखी द्या. पुनर्मूल्यांकन संपलं की आम्ही पुसतो.

कॉपीची खरी काळजी असेल तर ती प्रश्नपत्रिकेत घ्या. अनुवादाचा पेपर म्हणजे मशीनकडून भाषांतर करून घ्यायचा मोह असणारच. मी जमिनीच्या वादावरचा उतारा देते, त्यात मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा) येतो, कोमुनिदाद (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी गोव्यातली जुनी संस्था) येते. उतारा मशीनला घातला असेल तर बहुधा 'भाडेकरू' आणि 'समुदाय' उतरतात. पण हाही पुरावा नव्हे, एखाद्याला खरंच शब्द ठाऊक नसतो. म्हणून दुसऱ्या दिवशी पाच-पाच मिनिटांची तोंडी घेते: हा शब्द का घेतलास? ज्यानं स्वतः केलंय तो लगेच बोलायला लागतो. एक मुलगा म्हणाला, "कूळ लिहिणार होतो, पण कुळाचा कायदा १९६४ चा आणि मुंडकाराचा १९७५ चा, दोघं वेगळे." त्याचा कॅमेरा आदल्या दिवशी दोनदा बंद पडला होता. वहीत फोनची नोंद होती, तोंडी ही अशी. मला आणखी काही तपासायची गरज वाटली नाही.

बोटीवरचा:
मी असा पेपर बोटीवरून दिलाय. तुमचे सकाळचे दहा म्हणजे कॅरिबियनमध्ये रात्रीचे साडेबारा, तेही अख्खी शिफ्ट करून. दुबईवाल्यांचे साडेआठ, त्यांचं ठीक. केबिनमध्ये दुसरा सहकारी झोपलेला असतो, दिवा लावता येत नाही. मी क्रू मेसमध्ये बसलो होतो आणि मागून लोक जात होते. पर्यवेक्षक बाईंना आधीच कळवलं होतं म्हणून निभावलं. बोटीवरच्यांना एकदा विचारा, ते कुठल्या वेळेच्या पट्ट्यात आहेत.

डिचोलीवाला:
सगळ्यांचे आभार. कागद लिहायला घेतलाय, बोटीवरच्यांसाठी संध्याकाळची दुसरी पाळी मागतोय. अंत्रुजकरीण, एक विचारतो. सुर्लच्या दोघांकडे लाइट गेली की मोबाइलचा टॉवरही जातो. फोन नाही, एसएमएस नाही. त्यांचं काय करू?

अंत्रुजकरीण:
त्यांना घरून बसवूच नका. साखळीच्या सरकारी महाविद्यालयाला आजच पत्र पाठवून त्या दिवसापुरती संगणकाची खोली मागा. जनरेटर आहे का तेही विचारा. आणि पेपरची वेळ ठरवायच्या आधी सुर्लहून सकाळची बस साखळीला किती वाजता पोचते ते त्या दोघांनाच विचारून घ्या.