जुनी क्लास-सी मोटारहोम: कमी मैल पाहावेत की कोरडं छत?

प्रश्न:
मंडळी, पेनसिल्व्हेनियात दोन जुन्या क्लास-सी गाड्या (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली फिरती घरं) हेरून ठेवल्या आहेत. दोन्ही फोर्ड ई-४५०, व्ही-१० इंजिन, ३१ फुटी. पहिली २००५ चं मॉडेल, ३८ हजार मैल, कायम उघड्यावर उभी. दुसरी २००६ ची, ७४ हजार मैल, शेडखाली ठेवलेली, दोन हजार डॉलरनं महाग. आम्ही चौघं आहोत. कमी चाललेली घ्यावी असं वाटतंय. तिथे जाऊन नेमकं काय तपासू?

उत्तर १:
आधी ओल बघा, मैल नंतर. हा ६.८ लिटरचा व्ही-१० वेळच्या वेळी तेल बदललं तर लाख मैल सहज ओलांडतो. भिंतीतली लाकडी चौकट कुजली, तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या घरात जातो.

सुरुवात ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बंकपासून, म्हणजे झोपायच्या फळीपासून करा. क्लास-सी बहुधा तिथेच गळते. गादी उचलून पुढचे दोन्ही कोपरे अंगठ्यानं दाबा. मऊ लागलं किंवा प्लायवर तपकिरी डाग दिसले, तर पाणी शिरलंय. लाकडात टोकं टोचून ओल मोजणारा मॉइश्चर मीटर स्वस्तात मिळतो. लाकडात २० टक्क्यांच्या वर आकडा आला की गाडी सोडा. स्लाइड-आउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) असेल तर त्याच्या तळाचे कोपरेही दाबा. बाहेर गाडीच्या कोपऱ्यावर उभं राहून भिंतीवर तिरकी नजर टाका. फायबरग्लासला फुगवटा दिसला तर आतला थर सुटलेला असतो, आणि तो पुन्हा धड चिकटत नाही. शिडी लावून छतावर चढा, पण रबरी छतावर फळी टाकूनच पाय ठेवा. हवेच्या झडपा, एसी, अँटेना यांच्या कडेचं सीलंट भेगाळलंय का पाहा. एकाच कोपऱ्यात ताजं सीलंट थापलेलं असेल, तर त्याच्या बरोबर खालचं कपाट आतून तपासा.

शक्य झालं तर दोन्ही गाड्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी बघा.

उत्तर २:
पहिल्या गाडीचा व्हीआयएन (गाडीचा सतरा अक्षरांचा ओळख क्रमांक) मागवा. दहावं अक्षर चॅसीचं, म्हणजे खालच्या सांगाड्याचं, वर्ष सांगतं. २००५ चं घर पुष्कळदा २००४ च्या चॅसीवर बांधलेलं असतं. तिथे ४ असेल तर गिअरबॉक्स जुना चार गतींचा, ५ असेल तर पाच गतींचा टॉर्कशिफ्ट. डोंगराच्या चढावर हा फरक चांगलाच जाणवतो, मी तरी पाच गतींचाच घेईन.

टायर सहा असतात. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ (DOT) अक्षरांनंतर येणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सात वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही शाबूत दिसो, सहाही बदलायचे आणि ते पैसे किमतीतून वजा करायला सांगायचे. मागच्या जोडीतला आतला टायर लोक पाहायचा विसरतात.

जनरेटरचे तास कमी आहेत म्हणून खूश होऊ नका. न चालवलेल्या जनरेटरच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा बसतो. एसी लावून अर्धा तास चालवा. आवाज वरखाली झाला किंवा बंद पडला, तर तिथे खर्च आहे.

उत्तर ३:
दोन गोष्टी राहिल्या. फ्रिज आदल्या रात्री गॅसवर सुरू करून ठेवायला सांगा, कारण शोषण पद्धतीचा (कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर चालणारा) फ्रिज थंड व्हायला बरेच तास घेतो. सकाळी आत थर्मामीटर ठेवा, ४० फॅरनहाइटच्या खाली हवं. बाहेरची जाळी काढून मागे पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा वास आला, तर कूलिंग युनिट गेलं.

दुसरं वजन. ट्रक स्टॉपवरच्या कॅट (CAT) कंपनीच्या वजनकाट्यावर गाडी तोला आणि दारावरच्या पाटीवरच्या कमाल वजनाशी ताडा. त्या काळातल्या ई-४५० ला ते साधारण १४,०५० पौंड असतं, आणि स्लाइड-आउट असलेली ३१ फुटी गाडी रिकामीच बरीच जड असते. पाणी गॅलनला ८.३ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड गेले. त्यात चार माणसं आणि सामान मिळवा. मागच्या आसाचा आकडा वेगळा पाहा, कारण मागे लांब लटकणारं घर सगळा भार तिथेच टाकतं.