भाच्याच्या मांडीच्या हाडात फायब्रस डिस्प्लेशिया निघालाय, कुणाला अनुभव आहे का?

पेठेतला_मामा
नमस्कार मंडळी. माझा भाचा १२ वर्षांचा, पेठेत दिवसभर फुटबॉल. दोन-तीन महिने गुडघा दुखतोय म्हणायचा, आम्हाला वाटलं खेळताना मार लागला असेल, तालमीत नेऊन मालिश पण केली. नंतर थोडा लंगडायला लागला मग एक्सरे काढला तर गुडघा चांगलाच आहे, दुखणं वर मांडीच्या हाडात, खुब्याजवळ. रिपोर्टवर ग्राउंड ग्लास असं काहीतरी लिहिलंय आणि डॉक्टर म्हणाले फायब्रस डिस्प्लेशिया. ताईनं ट्यूमर हा शब्द कुठंतरी ऐकला आणि तेव्हापासून जेवलेली नाही नीट. कॅन्सर आहे का हा? आमच्या घरात कुणालाच असलं काही नव्हतं, मग आलं कुठनं?

एक्सरेवाला_राजारामपुरी
दादा आधी ताईला जेवायला घाला, हा कॅन्सर नाही. मी डॉक्टर नाही, एक्सरे काढतो, पण या केसेस बघितल्यात. यात होतं असं की हाडाच्या जागी तंतूसारखी मऊ पेशीजाळी आणि कच्चं हाड भरतं, म्हणून फिल्मवर ती जागा बाथरूमच्या खिडकीच्या धुरकट काचेसारखी दिसते, ग्राउंड ग्लास म्हणजे तेच. कॅन्सरमध्ये बदलणं फार दुर्मिळ, शंभरात एकापेक्षाही कमी. पण या जागेवर रेडिएशन दिलं तर तो धोका वाढतो, म्हणून त्याला रेडिएशनचा शेक देत नाहीत. आणि दुखणं खुब्यात, कळ गुडघ्यात, हे पोरांच्यात लय वेळा होतं. गुडघा दुखला की खुबा पण तपासावा.

मालिश मात्र आजपासून बंद. हाडवैद्याकडं तर अजिबात नेऊ नका, हाड आधीच कमकुवत आहे, एका झटक्यात मोडंल.

सई_ची_आई
माझ्या मुलीला हाच आजार आहे म्हणून लिहिते. कुठून आलं हा प्रश्न मी पण रात्र रात्र विचारलाय स्वतःला, गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहणात बाहेर गेले होते का, सासूबाई तर अजून तेच म्हणतात. तसलं काहीही नाही. जीएनएएस नावाच्या जीनमध्ये बाळ पोटात असताना, गर्भ अगदी थोड्या पेशींचा असतानाच बदल होतो, तो आईबापाकडून येत नाही आणि पुढच्या पिढीला जात नाही. ताईंना हे नक्की सांगा.

दुसरं, भाच्याच्या अंगावर चहाच्या डागासारखे मोठे तपकिरी डाग आहेत का बघा, काठ वेडेवाकडे असलेले, बरेचदा अंगाच्या मधल्या रेषेपाशी येऊन थांबतात. सईच्या पाठीवर होते, आम्ही जन्मखूण समजलो. मग चौथ्या वर्षीच पाळीसारखा रक्तस्राव झाला तेव्हा कळलं की मॅक्क्यून-अल्ब्राइट आहे, म्हणजे हाडं, त्वचा आणि हार्मोन तिन्ही. डाग असतील किंवा वयाआधी दाढीमिशी फुटायला लागली असेल तर हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा, थायरॉइड आणि फॉस्फरस तपासा, फॉस्फरस लघवीतून जात असेल तर हाड अजून मऊ पडतं. बाकीच्या हाडांत आहे का हे बोन स्कॅनमध्ये कळतं. एकाच हाडात असेल तर खूपच बरं, बहुतेकांना तसंच असतं.

रंकाळा_७१
मला बरगडीत आहे, वय ४४. खोकल्यासाठी छातीचा एक्सरे काढला तेव्हा अचानक सापडलं, त्रास शून्य, उपचार शून्य. पण बरगडी आणि मांडी एक न्हवं. खुब्याजवळ वजन येतं, हाड हळूहळू बाहेरच्या बाजूला बाकदार होतं, शेफर्ड्स क्रूक म्हणत्यात त्याला, आणि पाय आखूड पडतो. म्हणून तिथं वाट बघत बसू नका. पोरांचं ऑपरेशन बघणाऱ्या हाडाच्या डॉक्टरला दाखवा आणि नुसता हाडाचा चुरा भरणार का आत रॉड घालणार हे विचारा, चुरा बरेचदा विरघळून परत तीच जागा तयार होते.

पेठेतला_मामा
लय आभार सगळ्यांचे. आत्ताच शर्ट काढून बघितलं, डाग एकही नाही. सईची आई, तुमचं लिहिलेलं ताईला वाचून दाखवलं, ती रडली आणि मग दोन घास खाल्ले. आता एकच राहिलं, त्यानं फुटबॉल खेळायचा का नाही? रोज विचारायलाय.

सई_ची_आई
सध्या नाही. हाड किती तग धरतंय हे डॉक्टर सांगेपर्यंत पळणं, उड्या, धक्काबुक्की सगळं बंद. आम्हाला पोहायला सांगितलं होतं, अंगावर भार येत नाही त्यात. पण त्यालाच डॉक्टरांसमोर बसवून विचारू दे, घरच्यांचं ऐकणार नाही तो. आणि दुखणं जास्त असेल तर शिरेतून देतात ते झोलेड्रोनिकचं औषध विचारा, आजार जात नाही त्यानं, पण सईची रात्रीची कळ थांबली.